शंभरांची पंगत: अंटार्क्टिकाला जाणारे जहाज कसे निवडावे

अंटार्क्टिकाच्या सफरींची माहितीपत्रके समोर घेऊन बसणाऱ्या बहुतेकांना एक प्रश्न हमखास पडतो. बर्फ तोच, पेंग्विन तेच, निघण्याचे बंदरही बहुधा तेच. मग तीन-चारशे प्रवाशांच्या, तरणतलाव आणि प्रशस्त भोजनगृहे असलेल्या जहाजापेक्षा शंभरएक माणसांच्या साध्या जहाजाचे भाडे जास्त का असावे? मोठ्या जहाजाचा खर्च अधिक माणसांत वाटला जातो हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे, कारण त्यातून प्रवाशाला त्या जादा पैशात नेमके काय मिळते हे कळत नाही. ज्याला बर्फाचे डोंगर लांबून पाहून समाधान आहे त्याला कदाचित काहीच जास्त मिळत नाही. परंतु ज्याला तिथले प्राणी जवळून पाहायचे आहेत आणि जे पाहिले ते समजूनही घ्यायचे आहे, त्याने भाड्याच्या आकड्याआधी आणखी दोन-तीन आकडे तपासले पाहिजेत.

१. प्रवाशांची संख्या आणि तिच्यामागचा करार

अंटार्क्टिका हा कोणत्याही एका देशाच्या सत्तेखालील प्रदेश नाही. १९५९ साली बारा देशांनी सही केलेल्या आणि १९६१ पासून अमलात असलेल्या अंटार्क्टिक कराराने हा खंड शांततामय कामांसाठी आणि विज्ञानासाठी राखून ठेवला. भारत या करारात १९८३ साली सामील झाला. पुढे १९९१ मध्ये माद्रिद येथे पर्यावरणरक्षणाचा पूरक करार झाला आणि तो १९९८ पासून लागू आहे. त्यानुसार तिथे जाणाऱ्या प्रत्येक मोहिमेला, मग ती शास्त्रज्ञांची असो वा हौशी प्रवाशांची, आपल्या जाण्याने निसर्गावर काय परिणाम होईल याचा अंदाज आधी मांडावा लागतो.

सर्वसामान्य प्रवाशांना शिकवत-दाखवत तिथे नेण्याची पद्धत लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश-अमेरिकन उद्योजकाने १९६६ मध्ये रूढ केली. त्याच्या मोहिमांत सोबत अभ्यासक असत, व्याख्याने असत आणि माणसे रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरत. आजच्या बहुतेक लहान जहाजांचा दिनक्रम त्याच साच्यातला आहे. १९९१ मध्ये अशा सात कंपन्यांनी एकत्र येऊन ‘आयाटो’ ही पर्यटन-व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिथे प्रवासी नेणाऱ्या बहुतेक कंपन्या आज तिच्या सदस्य आहेत.

या संघटनेच्या वर्गवारीत जहाज किती लांब किंवा किती वजनाचे आहे यापेक्षा त्यात प्रवासी किती आहेत याला महत्त्व आहे. बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या शिडाच्या वा यांत्रिक नौका हा एक वर्ग, तेरा ते दोनशे प्रवाशांची जहाजे हा दुसरा, दोनशे एक ते पाचशे प्रवाशांची जहाजे हा तिसरा, आणि पाचशेच्या वरची जहाजे हा चौथा. या चौथ्या वर्गातील प्रवाशांना किनाऱ्यावर पाय ठेवता येत नाही. ते फक्त जहाजाच्या कठड्यावरून अंटार्क्टिका पाहतात. २०२३-२४ च्या हंगामात तिथे सव्वा लाखाच्या आसपास प्रवासी गेले, आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश असे न उतरताच परतले. माहितीपत्रकात ‘अंटार्क्टिका दर्शन’ असा मोघम उल्लेख असेल, तर प्रवासी उतरणार की नाही हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. एवढ्या एका उत्तराने निम्मी निवड संपते.

२. एका वेळी शंभर

उरलेली निम्मी निवड ज्या नियमावर अवलंबून आहे तो नियम असा, की कोणत्याही एका ठिकाणी एका वेळी शंभराहून अधिक प्रवासी किनाऱ्यावर असू नयेत, प्रत्येक वीस प्रवाशांमागे निदान एक मार्गदर्शक असावा आणि एका जागी एका वेळी एकाच जहाजाने माणसे उतरवावीत. आयाटोच्या सदस्यांसाठी हे बंधनकारक आहे, आणि करारातील देशांनीही २००९ च्या बैठकीत हीच मर्यादा स्वीकारली. काही लहान बेटांवर आणि नाजूक जागी तर शंभराहूनही कमी माणसांना परवानगी असते.

हा हिशेब लग्नातल्या पंगतीसारखा आहे. मांडवात पाने शंभर मांडता येत असतील आणि पाहुणे चारशे असतील, तर चार पंगती उठाव्या लागतात. स्वयंपाक तोच असला तरी मागे पुढची पंगत ताटकळत उभी असताना कोणालाही निवांत जेवता येत नाही. अंटार्क्टिकात पान म्हणजे किनारा आणि जेवणाचा वेळ म्हणजे हवामानाने दिलेली उसंत.

समजा, एका ठिकाणी वारा आणि बर्फ यांची स्थिती पाहता तीन तास मिळणार आहेत. नव्वद प्रवाशांच्या जहाजावरील सगळे जण एकदमच उतरू शकतात, आणि होडीतून ये-जा करण्याचा वेळ क्षणभर बाजूला ठेवला तर प्रत्येकाला पूर्ण तीन तास मिळतात. एकशे नव्वद प्रवाशांच्या जहाजावर दोन तुकड्या पडतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दीड तास येतो. तीनशे ऐंशी प्रवासी असतील तर तुकड्या चार आणि वेळ पाऊण तास. आता साध्या दहा-अकरा दिवसांच्या सफरीत प्रत्यक्ष अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ पाच दिवस मिळाले, रोज दोनदा उतरण्याचा बेत होता आणि दहापैकी दोन वेळा हवामानाने नाही म्हटले असे धरले, तर आठ संधी उरतात. पहिल्या जहाजावरच्या प्रवाशाचे किनाऱ्यावरचे तास चोवीस, दुसऱ्यावरच्याचे बारा आणि तिसऱ्यावरच्याचे सहा भरतात.

हाच हिशेब पैशांत मांडला की भाड्याचे कोडे उलगडते. नुसत्या उदाहरणासाठी लहान जहाजाचे भाडे दहा लाख आणि मोठ्याचे सहा लाख रुपये धरले, तर लहान जहाजावर किनाऱ्यावरचा एक तास सुमारे बेचाळीस हजारांना पडतो आणि मोठ्यावर तोच तास एक लाखाला. एकूण भाडे किंवा दर दिवसाचा खर्च यांची तुलना करणाऱ्याला जे जहाज स्वस्त वाटते तेच या मोजमापात महाग ठरते.

अर्थात वस्तुस्थिती गणिताइतकी कोरडी नसते. किनारा मोकळा होईपर्यंत दुसऱ्या तुकडीला केबिनमध्ये बसवून ठेवले जात नाही. तिला होडीतून हिमनगांमध्ये फिरवून आणतात आणि मग दोन्ही तुकड्यांची अदलाबदल होते. होडीतला हा वेळ मुळीच वाया जात नाही, कारण बर्फाच्या तुकड्यावर पहुडलेला बिबट्या सील किंवा होडीशेजारी श्वास सोडणारा देवमासा किनाऱ्यावरून तितका जवळ दिसत नाही. म्हणून दीडशे ते दोनशे प्रवाशांचे, दोन तुकड्यांचे वेळापत्रक नीट बसवलेले जहाज शंभरांच्या जहाजापेक्षा फार उणे पडत नाही. तीन तुकड्यांपासून पुढे मात्र घाई जाणवू लागते, आणि पेंग्विनच्या वसाहतीत घाईने काहीच दिसत नाही. दगड चोरून आणणारा नर, घरट्यावरची पाळी बदलताना जोडीने केलेला गजर, अंड्यावर टपलेला स्कुआ पक्षी हे सारे पाहायला एका जागी अर्धा तास उभे राहावे लागते. पहिली दहा-पंधरा मिनिटे तर बहुतेकांची छायाचित्रे काढण्यातच जातात.

३. जहाजाकडे पाहताना

होड्यांची संख्या हा पुढचा आकडा. ‘झोडियाक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, हवा भरलेल्या मजबूत रबरी होडीत साधारण दहा प्रवासी बसतात. शंभर प्रवाशांच्या जहाजावर अशा दहाएक होड्या असतील तर सगळे एकाच वेळी पाण्यावर जाऊ शकतात; चारच असतील तर कागदोपत्री लहान असलेल्या जहाजावरही पंगती उठतात. होडीत उतरण्याच्या दारांची संख्याही विचारावी, कारण दोन्ही बाजूंना दारे असली की वाऱ्याच्या आडोशाची बाजू वापरता येते.

जहाज बर्फात चालण्याजोगे बांधलेले असावे हे उघड आहे. २०१७ पासून ध्रुवीय समुद्रांतील जहाजांना आंतरराष्ट्रीय ‘पोलर कोड’ लागू आहे आणि त्यात जहाजाची बांधणी, बचावाची साधने आणि चालकांचे प्रशिक्षण या तिन्हींचे निकष आहेत. त्याआधी, २०११ च्या ऑगस्टपासून, साठ अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली जड खनिज तेल वापरण्यास आणि वाहून नेण्यासही बंदी आली. तरीही बर्फासाठी बांधलेले जहाज म्हणजे अभेद्य जहाज नव्हे. खास याच कामासाठी १९६९ मध्ये लिंडब्लाडसाठी बांधलेले ‘एक्सप्लोरर’ हे जहाज २३ नोव्हेंबर २००७ रोजी बर्फाला धडकून ब्रान्सफील्ड सामुद्रधुनीत बुडाले. त्यावरचे सर्व १५४ जण बचावनौकांत उतरले आणि काही तासांनी ‘नॉर्डनॉर्गे’ या दुसऱ्या प्रवासी जहाजाने त्यांना वाचवले. मदत जवळ असणे ही तिथे मोठी गोष्ट आहे, आणि म्हणून या भागातील जहाजे एकमेकांना आपला ठावठिकाणा कळवत असतात.

लहान जहाजाची एक खरी उणीव सांगायला हवी. दक्षिण अमेरिकेचे टोक आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प यांच्यामधील ड्रेक सामुद्रधुनी सुमारे आठशे किलोमीटर रुंद आहे, ती ओलांडायला जाताना आणि येताना प्रत्येकी दीड ते दोन दिवस लागतात, आणि समुद्र खवळलेला असेल तर लहान जहाज जास्त हलते. ज्यांना बोट लागते त्यांनी मधल्या भागातील आणि खालच्या मजल्यावरील केबिन घ्यावी. ती बहुधा स्वस्तही असते. दुसरा मार्ग चिलीतील पुंता आरेनासहून किंग जॉर्ज बेटापर्यंत दोनएक तासांत विमानाने जाऊन तिथे जहाजावर चढण्याचा. त्यात ड्रेक टळते, पण धुके पडले की विमान सुटत नाही आणि मोजक्या दिवसांतला एखादा दिवस विमानतळावरच जातो. शिवाय अल्बाट्रॉस पक्षी जहाजामागे तासन्‌तास पंख न हलवता तरंगतात ते याच सामुद्रधुनीत. पक्षिप्रेमींनी ती टाळण्याचे कारण नाही.

४. सोबत कोण आहे

‘शैक्षणिक सफर’ असे छापणे सोपे आहे. व्याख्यानांचे दालन, मोठा पडदा आणि सूक्ष्मदर्शक या वस्तू विकत मिळतात. शिकवणे मात्र किनाऱ्यावर, प्राण्याच्या समोर, प्रश्न पडलेल्या क्षणी होते आणि त्यासाठी माणसे लागतात. वीस प्रवाशांमागे एक मार्गदर्शक ही नियमातली किमान मर्यादा आहे. चांगल्या लहान जहाजांवर हे प्रमाण दहा-बारांमागे एक इतके असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती माणसे निरनिराळ्या विषयांची असतात: एखादा पक्ष्यांचा अभ्यासक, एखादी सागरी सस्तन प्राण्यांची, कोणी हिमनद्यांचा, कोणी भूशास्त्राचा, कोणी इतिहासाचा.

विषयांच्या या विविधतेने काय फरक पडतो हे डिसेप्शन बेटावर चांगले दिसते. नालेच्या आकाराचे हे बेट म्हणजे खचलेल्या ज्वालामुखीचे मुख असून जहाज एका अरुंद फटीतून त्याच्या पोटात शिरते. भूशास्त्रज्ञ सोबत असेल तर काळ्या वाळूतून निघणारी वाफ आणि १९६७ ते १९७० या काळातील उद्रेकांच्या राखेचे थर यांचा संबंध तो दाखवतो. इतिहासकार असेल तर किनाऱ्यावर गंजत पडलेल्या टाक्यांपाशी थांबतो. १९१२ ते १९३१ या काळात तिथे देवमाशांच्या चरबीचे तेल काढले जात होते. जीवशास्त्रज्ञ तिथूनच पुढची गोष्ट सांगतो: शिकारीने जवळपास संपत आलेले हंपबॅक देवमासे शिकार थांबल्यावर कसे परतले आणि ज्या क्रिल नावाच्या झिंग्यासारख्या जीवावर ते, पेंग्विन आणि सील हे सारेच जगतात त्याचे आता काय होत आहे. यांपैकी कोणीच सोबत नसेल, तर तेच बेट म्हणजे गंजलेल्या लोखंडाचा ढीग आणि एक छायाचित्र.

काही जहाजांवर प्रवासी प्रत्यक्ष नोंदी गोळा करतात, आणि हा भाग निव्वळ करमणुकीचा नाही. हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. ‘हॅपीव्हेल’ या उपक्रमात प्रवाशांनी पाठवलेली शेपट्यांची छायाचित्रे जुन्या नोंदींशी जुळवून एकच देवमासा कोणत्या वर्षी कुठे होता हे ठरवले जाते. ‘फ्योर्डफायटो’ या उपक्रमात होडीतून समुद्राच्या पाण्याचे नमुने घेऊन त्यातील सूक्ष्म वनस्पती तपासल्या जातात. हिमनद्या वितळून गोडे पाणी समुद्रात मिसळते तेव्हा या वनस्पतींत काय बदल होतात हा त्यामागचा प्रश्न आहे. जहाजावर असे उपक्रम आहेत का आणि त्यांची सामग्री पुढे कोणाकडे जाते, हे विचारले की कंपनी विज्ञानाला किती महत्त्व देते याचा अंदाज येतो.

मराठी प्रवाशांच्या दृष्टीने भाषेचाही विचार करावा लागतो. जहाजावरची व्याख्याने बहुधा इंग्रजीत असतात. सहल-कंपनीने आपल्या गटासोबत मराठी जाणणारा व्यवस्थापक दिला, तरी तो जेवणखाण आणि सामान पाहणारा आहे की विषय समजून सांगणारा आहे, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. मोठ्या गटातील वयस्क मंडळींचा सगळा अनुभव त्यावर ठरतो.

५. कोणता महिना, कोणता मार्ग

हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा पाच महिन्यांचा असतो, आणि प्रत्येक महिन्यात दिसणारे दृश्य निराळे असते. नोव्हेंबरात बर्फ कोरा असतो, पेंग्विन घरटी बांधत आणि जोड्या जमवत असतात, परंतु काही खाड्या अजून गोठलेल्या असल्याने तिथे पोहोचता येत नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धात पिल्ले बाहेर पडू लागतात आणि जानेवारीत वसाहती पिल्लांनी गजबजतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे सर्वाधिक दिसतात. मात्र अडेली पेंग्विनच्या बऱ्याच वसाहती तोवर रिकाम्या झालेल्या असतात, आणि उरलेल्या ठिकाणी पिसे गळणारे पेंग्विन, चिखल आणि विष्ठेचा दर्प यांची तयारी ठेवावी लागते.

द्वीपकल्पाच्या नेहमीच्या सफरीत जेंटू, चिनस्ट्रॅप आणि अडेली या तीन जाती दिसतात. चित्रपटांमुळे प्रसिद्ध झालेला एम्परर पेंग्विन तिथे क्वचितच भेटतो, कारण तो हिवाळ्यात, गोठलेल्या समुद्रावर प्रजनन करतो. मुखपृष्ठावर एम्पररचे चित्र आणि आत द्वीपकल्पाचा साधा मार्ग असे माहितीपत्रक दिसले तर सावध व्हावे. वन्यजीव हेच मुख्य आकर्षण असेल आणि वीसएक दिवस हाताशी असतील, तर फॉकलंड बेटे आणि साउथ जॉर्जिया जोडणारा लांबचा मार्ग अधिक समृद्ध आहे. साउथ जॉर्जियातील सेंट अँड्र्यूज उपसागरात किंग पेंग्विनच्या जोड्या लाखाच्या वर असतात.

भारताचे मैत्री आणि भारती हे तळ या सफरींत दिसतील अशी काहींची समजूत असते. ते दोन्ही खंडाच्या पूर्वेकडील भागात, द्वीपकल्पापासून हजारो किलोमीटरवर आहेत. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली होती आणि या संशोधनाची सूत्रे आजही वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. पर्यटकांच्या जहाजांचा त्या मार्गाशी संबंध नाही.

६. पाच मीटर आणि बुटाचा तळवा

प्राण्यांपासून किमान पाच मीटर आणि फर सीलपासून पंधरा मीटर दूर राहावे, पेंग्विनच्या वाटेत उभे राहू नये, काही टाकू नये आणि दगड-पीसही उचलू नये, हे नियम जहाजावर पहिल्याच दिवशी सांगितले जातात. किनाऱ्यावर उतरण्याआधी जाकिटांचे खिसे आणि पिशव्यांचे कप्पे झाडून-शोषून साफ करतात आणि दर खेपेला बूट जंतुनाशकात धुतात. या खंडावर मूळच्या सपुष्प वनस्पती फक्त दोन आहेत. किंग जॉर्ज बेटावर माणसांबरोबर आलेले एक सामान्य गवत मूळ धरून बसले तेव्हा ते काढून टाकायला बरीच वर्षे झटावे लागले. बुटाच्या खाचेत अडकलेले एक बी ही तिथे गंभीर बाब आहे.

बर्ड फ्लूच्या प्राणघातक विषाणूमुळे ही शिस्त अलीकडे कडक झाली. तो ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ जॉर्जियाजवळील बर्ड बेटावर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये द्वीपकल्पावरील स्कुआ पक्ष्यांत आढळला. या विषाणूच्या धोक्यामुळे प्रवाशांनी किनाऱ्यावर बसू नये, गुडघे टेकू नयेत, सामान जमिनीवर ठेवू नये असे नियम आले, आणि संशय आल्यास त्या ठिकाणी उतरणेच रद्द होते. ठरलेली जागा ऐनवेळी वगळणारा मोहीमप्रमुख प्रवाशांना नकोसा वाटतो. वस्तुतः तोच चांगल्या जहाजाची खूण आहे.

७. पैसे भरण्यापूर्वी मागायचे कागद

अंटार्क्टिकासाठी व्हिसा लागत नाही, पण ज्या देशातून जहाज सुटते तिथल्या प्रवेशाची सोय करावी लागते. भारताने २०२२ मध्ये अंटार्क्टिकाविषयी स्वतंत्र कायदा केला असून मोहिमेला परवाना असणे आवश्यक मानले आहे. परदेशी जहाजे बहुधा करारातील दुसऱ्या एखाद्या देशाच्या परवान्यावर जातात. तो कोणत्या देशाचा आहे आणि कंपनी आयाटोची सदस्य आहे का, हे लेखी घ्यावे. वैद्यकीय कारणाने परत आणण्याच्या खर्चाचा विमा हवाच, आणि त्यात अंटार्क्टिकाचा उल्लेख स्पष्ट असावा. परदेशवारीच्या साध्या विम्यात तो असेलच असे नाही.

आणखी एक कागद फारसे कोणी मागत नाही. बहुतेक मोहीम-जहाजांवर प्रत्येक फेरीचा दिनवार वृत्तांत तयार होतो: कोणत्या दिवशी कुठे उतरले, कुठे उतरता आले नाही आणि का, काय दिसले, व्याख्यान कोणी आणि कशावर दिले. ज्या महिन्यात जायचे आहे त्याच महिन्यातला, त्याच जहाजाचा मागील हंगामातील असा वृत्तांत मागवून त्यातल्या उतरण्यांची आणि तुकड्यांची मोजणी करावी आणि वर केलेला तासांचा हिशेब खऱ्या आकड्यांवर पुन्हा मांडावा. त्यात एखादा दिवस वादळात वाया गेल्याची नोंद असेल तर बिचकण्याचे कारण नाही. दहाच्या दहा वेळा सुरळीत उतरल्याचे सांगणारा वृत्तांत मात्र दोनदा वाचावा आणि दुसऱ्या एखाद्या फेरीचाही मागवावा.